अरुंधतीचा आहेर

आमच्या सोसायटीत जेवढी लग्नं झाली, त्यांतल्या एकालाही देशमाने काका आले नव्हते, आणि एकाचाही आहेर त्यांनी चुकवला नव्हता. आहेर ठरलेला. नवरा-नवरी फिरून परत आली की आठ-दहा दिवसांत काका वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम घेऊन दारात उभे. आत एक फोटो. काळंभोर आकाश, त्यात एक ठळक तारा आणि त्याला खेटून एक बारीक. खाली काकांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं: ‘अरुंधती आणि वसिष्ठ. आपल्या विवाहाच्या दिवशी, सायंकाळी अमुक वाजून अमुक मिनिटे. आकाश: विरळ ढग.’

लग्नाला का आला नाहीत, असं कोणी विचारलंच तर ते म्हणायचे, “तुमचाच फोटो काढत होतो. कोणीतरी घरी थांबायला हवं होतं.”

डिसेंबरात बी विंगच्या जोशांच्या मुलाचं लग्न झालं. काकांनी त्याला लिफ्टमध्ये गाठलं. मीही होतो, उतरायची सोय नव्हती.

“अरुंधती पाहिलीत?”

“हो काका.”

“दिसली की दाखवली?”

हा त्यांचा आवडता प्रश्न. जगात त्यांच्या मते दोनच प्रकारच्या गोष्टी आहेत, दिसलेल्या आणि दाखवलेल्या.

“गुरुजींनी दाखवली.”

“कुठे?”

मुलगा सरळ होता. म्हणाला, “हॉलमध्येच. वर, पंख्याच्या जरा डावीकडे.”

“डिसेंबरात रात्री आठला अरुंधती क्षितिजाखाली असते. मध्यरात्र उलटल्यावर उगवते. गुरुजींनी तुम्हाला पंखा दाखवला. नोंद घ्यावी.” एवढं बोलून काका तिसऱ्या मजल्यावर उतरले. मुलाने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू त्याचं लग्न मीच रद्द केलंय. त्याच्याही घरी पुढे फ्रेम गेली. पहाटे चारला उठून काकांनी फोटो काढला होता. दिवस सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही, असं त्यांचं म्हणणं.

आता मी कोण ते सांगतो. मी या सोसायटीचा सेक्रेटरी. हौस म्हणून नव्हे, एका सर्वसाधारण सभेला अर्धा तास उशिरा पोहोचलो म्हणून. तेव्हापासून पाणी, पार्किंग, लिफ्ट आणि कुत्री या चार विषयांत माझं आयुष्य चाललं आहे. ऑफिसातून घरी यावं, बूट काढावेत, तोवर बेल वाजते. खराडीच्या पुढे, वाघोलीच्या अलीकडे आमची सोसायटी. टँकर येतो तेव्हा हॉर्न देतो आणि येत नाही तेव्हा लोक मला हॉर्न देतात. अशा माणसाला आणखी आकाश सांभाळायला लावू नये. पण काकांचे अर्ज यायचे. तोंडी काही नाही. रेघांच्या कागदावर, तारीख-वार घालून.

‘विषय: गेटवरील दिवा सायंकाळी ७.४० ते ८.१० बंद ठेवणेबाबत.’

मी म्हटलं, “काका, दिवा बंद केला तर वॉचमनला गाड्या दिसणार नाहीत.”

“आणि चालू ठेवलात तर मला तारा दिसणार नाही. वॉचमनला बॅटरी देता येते. मला कोणती बॅटरी देता?”

कमिटीत अडीच तास चर्चा झाली आणि दिव्याला पत्र्याची टोपी बसवायचं ठरलं. टोपी काकांनीच करून दिली. तीस वर्षं ते एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. पत्रा, पितळ, पोलाद काहीही हातात आलं की त्याला आकार यायचा. दुर्बिणीची कडी, पाय, स्क्रू सगळं घरचं. फक्त भिंगं विकतची आणि कॅमेरा जुना. स्टुडिओ बंद करणाऱ्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून घेतलेला. “आधी नवरानवरी बघायचा, आता अरुंधती बघतो. बढती झाली त्याची,” काका म्हणायचे.

त्यांची गॅलरी उत्तरेला. फरशीवर तेलरंगात तीन लाल गोल काढलेले, दुर्बिणीचे तीन पाय तिथेच आणि त्याच कोनात. त्या गोलांवरून फडकं फिरवायची कामवाल्या बाईंना बंदी. दुर्बिणीवाल्या मंडळींचा एक ग्रुप असतो, तिकडची तरुण मुलं कधी त्यांच्याकडे यायची. ती मुलं गाडी काढून दूर घाटाकडे अंधारात जातात, तेजोमेघ काय, दीर्घिका काय, रात्ररात्र फोटो घेतात. ती काकांना हसण्यावारी नेत. नुसत्या डोळ्यांना दिसणारे दोन तारे, आणि त्यांचेच फोटो दरवेळी! एकाने विचारलंही, “काका, तेच तेच काय काढता?”

“तारे तेच आहेत,” काका म्हणाले. “लग्न दरवेळी वेगळं असतं.”

बायको जाऊन त्यांना नऊ वर्षं झाली. मुलगी मुक्ता, खराडीला आयटीत, तिकडेच फ्लॅट घेऊन राहायची. आमच्याकडून सहा किलोमीटर. ट्रॅफिक धरला तर एक तास.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या गॅलरीसमोरच्या मोकळ्या प्लॉटवर पाटी लागली. पस्तीस मजले. काकांनी कोनमापक आणि ओळंबा घेऊन हिशेब केला आणि मला ऐकवला. एक स्लॅब पडला की सव्वा अंश आकाश कमी. वर चौथ्या मजल्याची गॅलरी आणि खाली वाढत जाणारी इमारत, मधे जी फट उरेल तेवढंच आकाश त्यांचं. मी म्हटलं, गच्चीवर जा. तर गच्ची आमच्या बिल्डरच्या ताब्यात, कुलूप त्याचं, आणि प्रकरण कोर्टात. ते निकाली निघेपर्यंत तारे थांबतील, याचा काकांना भरवसा नव्हता.

“पुढच्या पावसाळ्यापर्यंत,” ते म्हणाले. “मग फट बंद. नोंद घ्यावी.” मी नोंद घेतली. दुसरं काय करणार?

त्याच वर्षी नोव्हेंबरात मुक्ता माझ्याकडे जुन्या पत्त्याच्या दाखल्यासाठी आली. सही करता करता मी सहज विचारलं, काय गं, लग्नाचं काय? ती म्हणाली, “झालं काका. मागच्या बुधवारी. रजिस्टर.”

मी पेन खाली ठेवलं. “बाबांना?”

“तिसऱ्या दिवशी फोन केला. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? ‘किती वाजता?’ म्हटलं, सकाळी साडेअकराला. म्हणाले, ‘त्या रात्री आकाश स्वच्छ होतं.’ आणि फोन ठेवला.”

मी सेक्रेटरीच्या आवाजात म्हणालो, आधी सांगायला हवं होतंस.

“सांगितलं असतं तर आले असते?” तिने विचारलं. “काका, माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या लग्नाला आई एकटी गेली. मामाच्या मुलाच्या लग्नाला आई एकटी गेली. लोक विचारायचे, आई सांगायची, येतीलच. शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवायची, कोणी बसू नये म्हणून. मला माझ्या लग्नात ती खुर्ची नको होती.”

दाखल्यावर सही करून दिली. त्या दिवशी मी पाण्याच्या तक्रारी ऐकल्या नाहीत, दार लावून बसलो.

आठवड्याने काकांकडे गेलो. गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते, दुर्बिणीवर कापड घातलेलं. मी समजुतीचं बोललो. “काका, तारा तोच ना? हजार वर्षांत तसूभर हलत नाही म्हणता. मग कुठल्याही दिवशीचा फोटो काढा, खाली बुधवारची तारीख घाला, आणि देऊन या पोरीला. कोणाला कळणार आहे?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाण्याच्या टाकीत उंदीर सापडल्याचं मी सांगितलं होतं तेव्हा लोकांनी पाहिलं होतं, तसंच.

“तारीख खोटी होते,” ते म्हणाले.

“मग नुसतं भेटून या.”

“रिकाम्या हाताने?”

ते गेले नाहीत. तीही आली नाही. समोर एकेक स्लॅब पडत गेला.

एप्रिलमध्ये मुक्ता आली, हातात पत्रिका. जावई नीलेश यवतमाळचा. त्याच्या आईवडिलांना रजिस्टर लग्न पटलं नव्हतं, त्यांना अक्षता हव्या होत्या. मे महिन्यातला शनिवार, गोरज मुहूर्त, मंडईजवळचं कार्यालय. ती बापाकडे जाताना मला बरोबर घेऊन गेली. साक्षीदार म्हणून कोणीतरी असावं. सोसायटीत भांडण असलं की लोक मला असंच नेतात.

गॅलरीच्या दारात उभी राहूनच तिने पत्रिका दिली. “बाबा, मुहूर्त सात वाजून दहा मिनिटांचा आहे. तुमची अरुंधती किती वाजता?”

काकांना कुठे बघावं लागलं नाही. “सात बावन्न. त्याआधी संधिप्रकाश असतो.”

“म्हणजे दोन्ही जमणार नाही. मी रागावणार नाही, खरंच. पण आधी सांगा. खुर्ची ठेवायची की नाही, तेवढंच.”

काका समोरच्या क्रेनकडे बघत राहिले. “बाविसावा मजला झाला,” ते म्हणाले. “हा शेवटचाच उन्हाळा.”

मुक्ताने मान हलवली आणि गेली. जिना उतरताना ती रडत होती. लिफ्ट बंद होती, तीही माझीच जबाबदारी.

अकरा दिवस काकांनी उत्तर दिलं नाही. बाराव्या दिवशी माझ्या दाराखालून अर्ज आत सरकला.

‘विषय: एका संध्याकाळपुरता माणूस मिळणेबाबत. महोदय, अर्जदारास सदर शनिवारी अन्यत्र उपस्थित राहणे आवश्यक असल्याने, गॅलरीत थांबण्यासाठी एक जबाबदार व शक्यतो कमी बोलणारा माणूस मिळावा, ही विनंती.’

मी तो दोनदा वाचला आणि बायकोला दाखवला. ती म्हणाली, “कमी बोलणारा म्हणजे तुम्ही नव्हे. पण दुसरं आहे कोण?” आमंत्रण आम्हालाही होतं. कार्यालय चांगलं होतं, जिलबी तिथली नावाजलेली, आणि गेल्या सहा महिन्यांत मी कुठे बसून नीट जेवलो नव्हतो. पण अर्ज मंजूर केला. सेक्रेटरी झाल्यापासून पहिल्यांदाच कमिटीला न विचारता.

आठ दिवस माझं शिक्षण चाललं. ऑफिसातून आलो की गॅलरी. दुर्बीण त्यांनी गणित करून आधीच रोखून ठेवली होती; सात बावन्नला अरुंधती आपल्या पायांनी तिच्यासमोर येणार आणि सतरा मिनिटं चौकटीत राहणार. मी फक्त वायरच्या टोकाचं बटण दाबायचं. वीस वेळा. दोन फोटोंच्या मधे दहा आकडे मोजायचे. बटण दाबताना श्वास रोखायचा, पाय हलवायचा नाही, शिंकायचं नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्यांनी काळी पट्टी चिकटवली होती, तिचा उजेड भिंगात जाऊ नये म्हणून.

“आणि मुख्य म्हणजे,” ते रोज म्हणायचे, “कशालाही हात लावायचा नाही.”

“बटणाला?”

“बटण सोडून कशालाही.”

त्या शनिवारी साडेचारला मी पोहोचलो, तर काका इस्त्रीचा झब्बा घालून तयार, आणि कॅमेऱ्याशी खटपट चाललेली. दुर्बिणीच्या तोंडाला पितळी झाकण लावून फोटो काढत होते. मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं. तर म्हणाले, कॅमेरा तापला की फोटोत आपले स्वतःचे दाणे उमटवतो. म्हणून झाकण लावून नुसत्या काळोखाचे फोटो घ्यायचे आणि नंतर खऱ्या फोटोतून तेवढे दाणे वजा करायचे. आठ फोटो घ्यायचे होते. सहाव्याला फोन वाजला. मुक्ता होती.

“बाबा, निघालात?”

“निघालो,” काका म्हणाले, आणि हातातली वायर खाली ठेवून खरोखरच निघाले. जिन्यातून परत आले, पत्रिका राहिली होती. पुन्हा परत आले, चष्मा राहिला होता. “कशालाही हात लावू नका,” दारातून म्हणाले. रिक्षात बसताना त्यांनी वर गॅलरीकडे पाहिलं. मी वरून हात केला, त्यांनी केला नाही.

मग मी एकटा. ऊन उतरलं, समोरचे मजूर खाली गेले, क्रेन थांबली. पावणेआठच्या सुमाराला वरची गॅलरी आणि बाविसावा मजला यांच्या मधल्या फटीत तारे दिसायला लागले. मला तारे ओळखता येत नाहीत. पण त्या फटीत एक ठळक ठिपका होता आणि डोळे बारीक केल्यावर त्याच्याजवळ दुसरा. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. मलाही गुरुजींनी काहीतरी दाखवलं होतं, मीही मान हलवली होती. अरुंधती दिसली ती त्या दिवशी. मला बरं वाटलं, आणि इतक्या दिवसांचा शीण जरा उतरला.

सात बावन्नला पहिलं बटण. दहा आकडे. दुसरं. घाम येत होता, नाकावर डास बसला होता, मी हललो नाही. वीस फोटो झाले आणि बायकोचा फोन आला.

“काका आलेत,” ती हळूच सांगत होती. “पोरीच्या मागे उभे होते सगळा वेळ. आता गुरुजींनी अरुंधती दाखवली. छताकडे बोट केलं हो! आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला, म्हटलं आता काका गुरुजींची हजेरी घेणार.”

“मग?”

“काही नाही. त्यांनी पण वर बघितलं, आणि हात जोडले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. काका. “या,” एवढंच म्हणाले. त्यांच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता. एक फोटो काळा. दुसरा काळा. वीसच्या वीस काळे. मी म्हटलं, काका, आईशप्पथ, मी कशालाही हात लावला नाही.

“माहीत आहे,” ते म्हणाले आणि गॅलरीकडे बोट केलं. दुर्बिणीच्या तोंडाला पितळी झाकण तसंच होतं.

मी खाली बसलो. झाकण मला दिसत होतं, साडेतीन तास समोर होतं. मला सांगितलं होतं हात लावू नका, मी लावला नाही. सोसायटीत कोणी माझं एक ऐकत नाही, आणि मी नको तिथे शब्दन् शब्द ऐकला. फार वाईट वाटलं मला.

“तीस वर्षं टूलरूममध्ये काढली,” काका म्हणाले. “एक तुकडा चुकीचा गेला नाही.” त्यांचा आवाज रागाचा नव्हता. दमल्यासारखा होता, आणि जरा नवल वाटल्यासारखा. “फोन आला, आणि मी विसरलोच.”

“आज आकाश स्वच्छ आहे,” मी म्हटलं. “आज काढू. मी थांबतो. एका दिवसाचा तर फरक.” त्यांनी लॅपटॉप मिटला, आणि मीही फार जोर केला नाही. तारीख खोटी होते, हे मला माहीत होतं.

जूनच्या सुरुवातीला समोर पुढचा स्लॅब पडला. त्या रविवारी काका मला म्हणाले, “चला, खराडीला जायचंय.” काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम. रिक्षात मी विचारलं, शेवटी दुसऱ्या दिवशी काढलात ना? ते खड्डे मोजत बसले.

मुक्ताने दार उघडलं. नीलेशने पाणी आणलं. काकांनी फ्रेम तिच्या हातात दिली आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसले. तिने कागद काढला. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. चौकट नेहमीसारखीच, काच स्वच्छ, आणि आत नुसता काळा कागद. एक ठिपका नाही. खाली टपोरं अक्षर.

मुक्ता मोठ्याने वाचायला लागली. “‘अरुंधती आणि वसिष्ठ. शनिवार, सायंकाळी सात वाजून बावन्न मिनिटे. आकाश: स्वच्छ. झाकण काढायचे राहिले.’” ती हसली. “बाबा! तुमच्याकडून?”

आणखी एक ओळ होती. ती तिने मोठ्याने वाचली नाही. मी वाचली. ‘छायाचित्रकार मुलीच्या लग्नाला गेला होता.’

तिने फ्रेम कितीतरी वेळ तशीच धरून ठेवली. मग म्हणाली, “जेवूनच जा तुम्ही दोघं,” आणि फ्रेम घेऊनच स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ आतून भांड्याचा आवाजही आला नाही. नीलेश उठायला लागला, तेव्हा काकांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्याला बसवून घेतलं.